पार्व्हो : लस दिली, फिनाईल मारलं, तरी पिल्लं का दगावतात?

प्रश्न थोडक्यात असा : गावाबाहेर छोटा आश्रय आहे, चाळीसेक कुत्री, दोन मदतनीस, पिल्लांसाठी एकाच शेडमध्ये सहा पिंजरे. गेल्या पाच आठवड्यांत आलेल्या १४ पिल्लांपैकी ११ पार्व्होने (उलट्या आणि रक्ती जुलाबांचा विषाणूजन्य आजार) गेली. प्रत्येकाला आल्या दिवशी लस टोचली होती. फरशी दिवसातून दोनदा फिनाईलने धुतली जाते, डॉक्टर येऊन सलाईन देतात. उरलेल्या तिघांपैकी एक आजारी आहे. आता दुसऱ्या कंपनीची लस घ्यावी का, की याहून चांगलं एखादं इंजेक्शन आहे?

लसीची कंपनी बदलून यात काही फरक पडणार नाही, आणि पार्व्होचा विषाणू मारणारं असं इंजेक्शन तुमच्या गावातल्या दुकानात मिळणार नाही. तुमची खरी अडचण उपचाराच्या अलीकडे आहे. लस अंगात काम करू लागण्याआधीच पिल्लाची विषाणूशी गाठ पडते आहे, आणि बहुधा ती तुमच्याच शेडमध्ये पडते आहे. हे वाचून वाईट वाटेल. पण तुम्ही हयगय केली असा याचा अर्थ नाही. तुम्ही जे केलंत तेच बहुतेक ठिकाणी केलं जातं, आणि तिथेही पिल्लं अशीच जातात.

'बहुधा' हा शब्द मी मुद्दाम वापरला. खात्री करायची तर तुमची दाखल-वही काढा. प्रत्येक पिल्लासमोर दोन तारखा लिहा : कधी आलं, आणि पहिली उलटी किंवा जुलाब कधी झाला (किंवा खाणं कधी सोडलं). विषाणू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण ३ ते ७ दिवस जातात, क्वचित १४ पर्यंत. पहिल्या दोन-तीन दिवसांत आजारी पडलेलं पिल्लू आजार बाहेरूनच घेऊन आलेलं असतं. पाचव्या ते नवव्या दिवसाच्या आसपास गर्दी दिसली तर लागण तुमच्याकडे होते आहे असं धरून चाला. एकेका पिल्लाबद्दल हा हिशेब चुकू शकतो, पण १४ तारखा शेजारी शेजारी मांडल्या की चित्र सहसा स्पष्ट होतं. वहीत तारखाच नसतील तर आजपासून लिहा. पुढची सगळी कामं त्यावर ठरतात.

लस का लागली नाही, ते आधी. पिल्लू पहिल्या दिवसात आईचा चीक पितं तेव्हा तिची प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी प्रथिनं) त्याच्या रक्तात येतात. पार्व्होविरुद्धची ही प्रतिपिंडं साधारण दर नऊ-दहा दिवसांनी निम्मी होतात. ती भरपूर असेपर्यंत पिल्लू सुरक्षित असतं, पण तोवर टोचलेली लसही तीच प्रतिपिंडं निकामी करून टाकतात. मग दोन-तीन आठवड्यांचा एक अवघड काळ येतो. प्रतिपिंडं इतकी उतरलेली असतात की खरा विषाणू अडत नाही, पण लसीला मात्र अजून अडवतात. हा काळ कुठल्या पिल्लात सहाव्या आठवड्यात येतो, कुठल्यात बाराव्या, आणि एकाच वेतातल्या भावंडांतही तो वेगळा असू शकतो. आईच्या अंगात किती होतं आणि कोणी किती चीक प्यायलं यावर ते ठरतं. रस्त्यावरच्या पिल्लाबद्दल हे आपल्याला कधीच माहीत नसतं.

म्हणून आश्रयात 'एक डोस दिला' याला फारसा अर्थ नाही. जिवंत, क्षीण केलेल्या विषाणूची लस वयाच्या चार ते सहा आठवड्यांपासून सुरू करायची आणि पाच महिन्यांपर्यंत दर दोन ते तीन आठवड्यांनी देत राहायची. साथ चालू असताना अंतर दोन आठवड्यांचं ठेवा. शेवटचा डोस १६ आठवड्यांच्या पुढे पडलाच पाहिजे. घरच्या पिल्लाच्या कार्डावरचं तीन-चार आठवड्यांचं वेळापत्रक आश्रयात चालत नाही, तिथे धोका रोजचा आहे. वय कळत नसेल तर तोंड उघडून बघा. पुढचे दुधाचे दात पडून मोठे दात डोकावायला लागले म्हणजे तीन ते चार महिने. मोठे सुळे येत असतील तर पाच-सहा महिने.

लस फुकट जाण्याची साधी कारणंही तपासून घ्या. औषधाच्या दुकानातून बर्फाशिवाय पिशवीत आणलेली कुपी, फ्रीजच्या दारात ठेवलेली (दार उघडलं की तिथलं तापमान चढतं), किंवा बर्फाच्या कप्प्याला चिकटून गोठलेली. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस हवं. सोबतच्याच द्रवात मिसळायची आणि अर्ध्या तासाच्या आत टोचायची. सकाळी मिसळून संध्याकाळपर्यंत वापरायची नाही. आणि पैसे वाचवण्यासाठी एक कुपी दोन पिल्लांत वाटणं सर्रास चालतं, ते बंद करा. हा डोस किलोवर ठरत नाही, पिल्लू केवढंही असलं तरी पूर्ण कुपी लागते. किरकोळ सर्दी किंवा खरूज आहे म्हणून लस पुढे ढकलू नका. आणि लस पिंजऱ्यात ठेवल्यानंतर नाही, दारातच द्या. मातृप्रतिपिंडं आड आली नाहीत तर तीन ते पाच दिवसांत संरक्षण तयार होतं. ते तीन-पाच दिवस पिल्लू कुठे राहतं, यावर त्याचं जगणं ठरतं.

तेव्हा आता जागेकडे येऊ.

पार्व्होचा विषाणू १९७८ च्या सुमारास कुत्र्यांमध्ये जगभर पसरला आणि तेव्हापासून त्याची चिवट ख्याती आहे. त्याच्याभोवती चरबीचं आवरण नसतं. साबण, स्पिरिट, अँटिसेप्टिक द्रव, वासाची फ्लोअर क्लीनर आणि फिनाईल, यांचा मुख्य मारा त्या आवरणावरच असतो. त्यामुळे फिनाईल मारलेल्या फरशीवर पार्व्हो सुखाने राहतो. सावलीत, ओलसर फटीत तो महिनोन्‌महिने टिकतो, वर्षभरसुद्धा. आजारी पिल्लाच्या चिमूटभर विष्ठेत अब्जावधी विषाणू असतात आणि नव्या पिल्लाला त्यातला नगण्य भाग पुरतो. दिवसातून दोनदा तुम्ही जो पोछा सहाही पिंजऱ्यांतून फिरवता, तो स्वच्छतेच्या नावाखाली विषाणूचं समान वाटप करतो आहे.

काम करणारं आणि स्वस्त रसायन म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. ५ टक्क्यांचं द्रव असेल तर एक भाग द्रवाला तीस भाग पाणी, म्हणजे १० लिटरच्या बादलीत साधारण ३३० मिली. कॅनवर १० टक्के लिहिलं असेल तर निम्मं, १६५ मिली. टक्केवारी न बघता 'दोन झाकणं' टाकणं ही नेहमीची चूक. उन्हात राहिलेल्या जुन्या कॅनमधला क्लोरीन उडून गेलेला असतो, म्हणून तारीख बघून घ्या आणि अंधाऱ्या जागी ठेवा. ब्लीचिंग पावडरही चालते. ताज्या पावडरीत ३० टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, तेव्हा १० लिटरला ५० ते ६० ग्रॅम, पाकीट उघडून बरेच दिवस झाले असतील तर ७०. घोळ खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. रोज सकाळी नवं बनवायचं, कालचं ओतून द्यायचं.

पण नुसतं ओतून भागत नाही. विष्ठा, अन्न, केस, माती यांच्याशी गाठ पडली की क्लोरीन तिथेच संपतो. क्रम असा ठेवा : पिल्लू बाहेर काढा, घाण कागदाने किंवा सुपलीने उचला, साबणाच्या पाण्याने ब्रशने घासा, साबण पूर्ण धुऊन काढा, पाणी निथळू द्या, मग क्लोरीनचं पाणी. ते १० मिनिटं ओलं राहिलं पाहिजे. उन्हाळ्यात पाच मिनिटांत वाळतं, तेव्हा पुन्हा शिंपडा. मग साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं होऊ द्या. जोरदार पाइपने फवारा मारू नका, शेजारच्या पिंजऱ्यात तुषार जातात. फरशीवर मूत्र साचलेलं असताना किंवा संडास साफ करण्याच्या आम्लासोबत हे वापरलं तर विषारी वायू तयार होतो. दारं उघडी ठेवा, हातमोजे घाला, आम्लाची बाटली त्या खोलीतून हलवाच. लोखंडी पिंजरे यामुळे गंजतात, ते आधीच सांगून ठेवतो. बजेट असेल तर पोटॅशियम पेरॉक्सीमोनोसल्फेटची पावडर घ्या, लिटरला १० ग्रॅम. ती घाणीत थोडी जास्त तग धरते. तिच्या द्रावणाचा गुलाबी रंग उडाला की फेकून द्यायचं.

तुमची जमीन कशी आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि बरंच त्यावर अवलंबून आहे. गुळगुळीत सिमेंट कोबा किंवा टाइल असेल तर ती साफ होते. शहाबादी फरशी असेल तर सांधे सिमेंटने भरून घ्या, नाहीतर फटींतून विषाणू कधीच जाणार नाही. मातीचं अंगण निर्जंतुक करण्याचा उपाय कोणाकडेच नाही. ब्लीच मातीत शिरताच निकामी होतं, आणि चुन्याची पांढरी रांगोळी मनाच्या समाधानापुरती. ऊन आणि कोरडेपणा हळूहळू काम करतात. वरचा थर खरवडून काढल्याने फायदा होतो. पण पाच महिन्यांखालच्या पिल्लाचा पाय त्या मातीला लागू द्यायचा नाही, हाच एक भरवशाचा नियम. गोणपाट, गाद्या, लाकडी फळ्या, मऊ खेळणी फेकून द्या. पिल्लांना वर्तमानपत्र आणि पुठ्ठ्याचे खोके द्या आणि रोज बदला.

दारात पाय बुडवायला ठेवलेल्या द्रावणाच्या ट्रेवर विसंबू नका. दोन चिखलाचे पाय पडले की त्यात काही दम राहत नाही, शिवाय बूट दहा मिनिटं बुडवून कोणी उभं राहत नाही. त्यापेक्षा आजारी पिल्लांच्या खोलीसाठी वेगळे गमबूट, वेगळा अंगरखा, वेगळी बादली, खराटा, भांडी, थर्मामीटर ठेवा आणि सगळ्यांवर लाल रंगाचा पट्टा मारा. लाल पट्टा खोलीबाहेर दिसला की काहीतरी चुकलं, हे नव्या मदतनिसालाही न सांगता कळतं. कामाचा क्रम रोज एकच : आधी निरोगी पिल्लं, मग मोठी कुत्री, मग नव्याने आलेली, शेवटी आजारी. तिथून परत मागे यायचं नाही. दोघांपैकी एकाने फक्त आजारी आणि नवी पिल्लं बघितली तर उत्तम. ते जमत नसेल तर हा क्रम आणि साबणाने हात धुणं. सॅनिटायझर स्पिरिटचं असतं, ते इथे निरुपयोगी.

आता सगळ्यात न रुचणारा सल्ला. आज पिल्लं घेणं थांबवा.

आईजवळ, आपल्या गल्लीत, धडधाकट वाढणारं पिल्लू 'रस्त्यावर आहे' म्हणून उचलून आणलं तर त्याचा धोका कमी होत नाही, वाढतो. गल्लीत त्याची गाठ चार-पाच कुत्र्यांशी पडते. तुमच्याकडे अनेक वेतांतली पिल्लं एका छताखाली येतात, आई सुटल्याचा ताण, बदललेलं खाणं आणि पोटातले जंत आणखी वेगळे. फोन करणाऱ्याला हे नीट सांगावं लागतं. वाहनाचा धोका असेल तर आईसकट पिल्लांना त्याच गल्लीतल्या कोपऱ्यात, जिन्याखाली किंवा आवारात हलवता येतं. जंतनाशक दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी तिथेच देता येतं आणि लसही तिथेच. पुन्हा पुन्हा पकडता येणार असेल तर वेळापत्रकाप्रमाणे द्या. एकदाच हाताला लागणार असेल तर १६ आठवड्यांनंतरचा एक डोस सर्वात खात्रीचा, आणि त्याच वेळी रेबीजची लसही होते. त्याआधी काही पिल्लं जातील हे खरं आहे. पण सहाव्या आठवड्यातल्या एकुलत्या एका डोसावर भिस्त ठेवण्यापेक्षा हे बरं.

सगळंच थांबवता येत नाही, हेही मान्य. रात्री कोणीतरी खोक्यात चार पिल्लं गेटवर ठेवून जातंच, विशेषतः दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत, पिल्लांच्या हंगामात. त्यांच्यासाठी गेटजवळ शेडपासून लांब एक जागा हवी, टाइल लावलेली आठ बाय सहाची खोली पुरे. एका वेतातली पिल्लं एकत्र ठेवा, दोन वेतं कधीच एकत्र करू नका. १४ दिवस तिथेच. त्या १४ दिवसांत दुसरं वेत आलं तर ते या खोलीत येणार नाही. मग कुठे? कोणाच्या तरी घरी. असं फॉस्टर घर (पिल्लू तात्पुरतं सांभाळणारं घर) निवडताना दोन गोष्टी विचारा : गेल्या वर्षभरात तिथे पार्व्होचं कुत्रं होतं का, आणि सध्या लस पूर्ण न झालेलं पिल्लू आहे का? दोन्हीला 'नाही' असेल तर मध्यमवर्गीय घरातली बाथरूमसुद्धा तुमच्या शेडपेक्षा शंभरपट सुरक्षित आहे. पाच फॉस्टर घरं जमवणं हे नवीन शेड बांधण्यापेक्षा स्वस्त पडतं आणि जास्त पिल्लं वाचवतं. देणगीदारांना मात्र शेडच्या भिंतीवर नावाची पाटी लावता येते, घरात येत नाही, ही वेगळी अडचण.

सध्या उरलेल्या तिघांबद्दल. एक आजारी आहे, तेव्हा इतर दोघं वरून ठीक दिसली तरी त्यांना लागण झालेली असू शकते असं समजा. लक्षणांच्या आधीच विषाणू विष्ठेतून पडायला लागतो, म्हणून 'ठीक दिसतात' त्यांना निरोगी पिल्लांत नेणं हीच साथ वाढवणारी चूक ठरते. दोघांना आजच लसीचा पुढचा डोस द्या (मागच्या डोसाला दोन आठवडे झाले असतील तर), तिसऱ्यापासून वेगळं करा आणि १४ दिवस मोजा. दिवसातून दोनदा भूक बघा. खाणं मागे ठेवलं किंवा ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला तर उलटीची वाट न पाहता चाचणी करा.

चाचणीबद्दल दोन सूचना. विष्ठेवरची पट्टीची चाचणी आजाराच्या अगदी सुरुवातीला किंवा शेवटी खोटी 'नाही' दाखवू शकते. लक्षणं जुळत असतील तर एका 'नाही'वर पिल्लाला बाहेर काढू नका, दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. उलट, जिवंत लस दिल्यावर चार ते दहा दिवसांत कधी कधी पुसट रेघ उमटते. पिल्लू खेळतं-खातं असेल तर ती लसीची असू शकते. आजारी पिल्लातली रेघ मात्र खरीच माना, 'लसीमुळे आली असेल' म्हणून वेळ घालवू नका. आणि प्रत्येक रक्ती जुलाब पार्व्होचा नसतो. आकडीजंतांमुळेही (हुकवर्म) काळे-लाल जुलाब आणि पांढऱ्या हिरड्या होतात आणि पिल्लू दोन दिवसांत जातं. कॉक्सिडिया, जिआर्डिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) आणि आतड्यात आतडं शिरणं हेही असतं. एका विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करून घ्या, कारण पार्व्हो आणि जंत एकत्र असणं हेच आपल्याकडे नेहमीचं. तुमच्या ११ पैकी किती मृत्यूंत जंतांचा वाटा होता, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

उपचाराचं काम तुमच्या डॉक्टरांचं आहे. पण 'सलाईन देतात' एवढ्यावरून किती देतात हे कळत नाही, आणि बहुतेक पिल्लं तिथेच हातची जातात. ३ किलोचं पिल्लू धरा. डोळे आत, कातडी चिमटीत उचलली तर सावकाश बसते, म्हणजे अंदाजे ८ टक्के पाणी गेलेलं. तूट २४० मिली. रोजची गरज पिल्लात किलोला १०० मिलीच्या आसपास, म्हणजे ३००. चालू असलेल्या उलट्या-जुलाबांचे आणखी शंभरेक. २४ तासांत साडेसहाशे मिलीच्या घरात. सकाळी एकदा येऊन १५० मिली देऊन जाणं म्हणजे गरजेच्या पावपटही नाही. शिरेत कॅन्युला (बारीक नळी) घालून दिवसभर थेंब चालवणं सर्वांत चांगलं. ते शक्य नसेल तर कातडीखाली रिंगर लॅक्टेट (क्षारयुक्त सलाईन), किलोला ३० मिली, दर सहा तासांनी, दोन-तीन जागी वाटून. रात्रीचा डोस चुकवायचा नाही. डॉक्टरांकडून हे शिकून मदतनीस करू शकतात. अमेरिकेत कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात याच पद्धतीने, कातडीखालच्या द्रवासोबत रोज एक उलटी थांबवणारं आणि एकदाच दीर्घ परिणामाचं प्रतिजैविक देऊन, बाहेरून उपचार केलेल्या २० कुत्र्यांपैकी ८० टक्के वाचली, दवाखान्यात ठेवलेल्या २० पैकी ९० टक्के. त्यात एक अट आहे, जी हा आकडा सांगताना गाळली जाते : या सगळ्यांना आधी शिरेतून द्रव देऊन सावरलं होतं. थंड पडलेल्या, निपचित पिल्लाच्या कातडीखाली दिलेलं पाणी तिथेच फुगा होऊन राहतं. असं पिल्लू शिरेतून उपचार होतील तिथे न्या.

कातडीखाली डेक्स्ट्रोजची बाटली देऊ नका. गोड द्रावणाने गळू होतं, कातडी सडते. साखर शिरेतून द्यायची. ५०० मिलीच्या रिंगर लॅक्टेटमधून ५० मिली काढून तिथे २५ टक्के डेक्स्ट्रोजचे ५० मिली घातले की अडीच टक्के होतं. पिल्लू अचानक लुळं पडलं किंवा झटके आले तर डॉक्टर येईपर्यंत हिरड्यांवर ग्लुकोजचं पाणी चोळा. पोटॅशियम घालायचं की नाही हे डॉक्टरच ठरवतील, पण ते घातलेली बाटली कधीही भरभर सोडायची नाही, हृदय बंद पडतं.

औषधांत उलटी थांबवणं सर्वांत महत्त्वाचं. मॅरोपिटंट किलोला १ मिलिग्रॅम दिवसातून एकदा (दोन महिन्यांखालच्या पिल्लात डॉक्टरांच्या निर्णयाने) किंवा ऑन्डॅन्सेट्रॉन किलोला ०.५ मिलिग्रॅम दर आठ ते बारा तासांनी. मेटोक्लोप्रामाइड स्वस्त म्हणून सगळीकडे वापरतात, पण ते आतड्याची हालचाल वाढवतं, तेव्हा पोट चाचपून आतड्यात आतडं गेलेलं नाही हे आधी पाहावं लागतं. प्रतिजैविक विषाणूसाठी नसून फाटलेल्या आतड्यातून रक्तात शिरणाऱ्या जिवाणूंसाठी आहे. पाण्याची तूट भरण्याआधी जेंटामायसिन दिलं तर मूत्रपिंडं जातात, आणि वाढत्या पिल्लात एन्रोफ्लॉक्सॅसिन सांध्यांच्या कूर्चेला इजा करतं.

आणि उपाशी ठेवू नका. 'उलटी थांबेपर्यंत तोंडाला काही नाही' हा जुना नियम आता मागे पडला आहे. आतड्याची आतली कातडी त्याला अन्न मिळालं तरच भरून येते. उलटीचं औषध लागू पडताच दर दोन-तीन तासांनी चमचा-दोन चमचे द्या : शिजवून गाळलेल्या चिकनचं कांदा-लसूण-मसाल्याविना पाणी आणि मऊ भाताची पेज. ३ किलोच्या पिल्लाची किमान गरज दिवसाला १६० किलोकॅलरी. पहिल्या दिवशी त्याचा पाव भाग गेला तरी चांगलं. दूध नको. अर्धवट शुद्धीतल्या पिल्लाच्या तोंडात सिरिंजने ओतू नका, फुप्फुसात जातं.

उपचार चालू असताना पिल्लाला ऊब हवी. तापमान १०० फॅरनहाइटच्या खाली गेलं तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. दोन-तीन दिवस असे उपचार होऊनही शरीर थंड, हिरड्या पांढऱ्याफटक, शुद्ध हरपलेली असेल, तर पुढे काय करायचं हे डॉक्टरांशी स्पष्ट बोला. वेदनारहित मृत्यू देण्याचा निर्णय त्यांचा, पण तो विषय काढायला संकोच करू नका.

एक सावधगिरी पार्व्होपेक्षा मोठी आहे. पिल्लू चावरं, अडखळतं, लाळ गाळणारं किंवा आवाज बदललेलं असेल तर रेबीज मनात ठेवूनच हात लावा. दोन्ही मदतनिसांना रेबीजची प्रतिबंधक लस आधीच दिलेली असावी. लस घेतलेल्यालाही चावल्यानंतर जखम साबणाने १५ मिनिटं धुऊन दवाखान्यात जावंच लागतं.

मेलेली पिल्लं दुहेरी पिशवीत घालून नगरपालिकेच्या व्यवस्थेकडे द्या किंवा आवाराबाहेर खोल पुरा, पिल्लांच्या अंगणाशेजारी नाही. बरं झालेलं पिल्लू आजार गेल्यावरही दोन आठवडे विषाणू टाकू शकतं. ते पूर्ण होऊ द्या, मग साबणाने आंघोळ घालून बाहेर काढा, कारण केसांतही तो असतो. त्याला पार्व्होची प्रतिकारशक्ती पुढे अनेक वर्षं राहते. डिस्टेंपरसाठी (कुत्र्यांचा दुसरा विषाणूजन्य आजार) मात्र लसीचे उरलेले डोस द्यावेच लागतात. तुमची मोठी, लस झालेली कुत्री सहसा सुरक्षित असतात, त्यांची हलवाहलव करून गोंधळ वाढवू नका.

पिल्लं पुन्हा घ्यायला कधी सुरुवात करायची, ते शेवटचं पिल्लू आजारी पडल्या दिवसापासून मोजा. नवी लागण न होता १४ दिवस गेले, शेड घासून क्लोरीनने दोन वेळा धुतली, दोन्ही वेळा कोरडी झाली, की पहिल्यांदा मोठी, लस झालेली कुत्री त्या शेडमध्ये ठेवा आणि पिल्लांची जागा गेटजवळच्या खोलीत हलवा. त्या खोलीत एका वेळी एकच वेत. पहिली दोन-तीन वेतं निर्धोक गेली तरी वहीतल्या त्या दोन तारखा लिहीत राहा. पाचव्या ते नवव्या दिवशी पुन्हा एखादं पिल्लू कोमेजलं तर त्याच दिवशी दार बंद करा, तिसऱ्या मृत्यूची वाट पाहू नका.